हायब्रिड घ्यायची तर आधी आपला रस्ता बघा

पेट्रोल शंभरी ओलांडून गेल्यापासून नातेवाईक आणि ऑफिसातली मंडळी मला एकच प्रश्न विचारतात : हायब्रिड सेडान घ्यावी का? आणि घ्यायचीच तर नवी की सेकंड हँड? मी कोथरूडहून हिंजवडीला रोज हायब्रिडनेच जातो. ती मी शोरूममधून नवी घेतली. पुढे कोल्हापूरच्या दाजींसाठी वापरलेली हायब्रिड शोधायची वेळ आली, तेव्हा बाजाराची दुसरी बाजूही जवळून पाहायला मिळाली. सध्या सगळीकडे एसयूव्हीचाच बोलबाला आहे, पण मला सेडान मनापासून आवडते. जमिनीलगत बसलेली ही गाडी वळणावर डोलत नाही आणि लांबच्या प्रवासात अंग आंबू देत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

१. आधी आपला रस्ता बघा, गाडी नंतर.

होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, ई:एचईव्ही, मे 2022 मध्ये आपल्याकडे आली. कंपनीने लिटरला 26.5 किलोमीटरचा दावा केला. साध्या पेट्रोल ऑटोमॅटिक सिटीचा दावा 18.4 चा होता. शोरूममधला माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवतो आणि गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. पण हा फरक कुठून येतो हे समजून घेतलं पाहिजे.

या गाडीत दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि दोन मोटारी आहेत. नेहमीचा गिअरबॉक्स नाही. गाडी हळू चालते तेव्हा बॅटरीवरची मोटार चाकं फिरवते आणि इंजिन बंद असतं. बॅटरी उतरली किंवा जास्त जोर लागला की इंजिन सुरू होतं, पण तेही बहुतेक वेळा जनरेटर फिरवून वीज करण्यापुरतं. हायवेवर एका वेगात गाडी पळू लागली की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. ब्रेक दाबला की साध्या गाडीत जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तिचा बराचसा भाग इथे वीज होऊन बॅटरीत परत येतो.

म्हणजे वाकडच्या पुलाखाली संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तिथे ही गाडी खरी कमावते. दोन पावलं पुढे, ब्रेक, पुन्हा दोन पावलं, आणि या सगळ्यात इंजिन बराच वेळ गप्प असतं. ज्या रस्त्याने साध्या गाडीचं ॲव्हरेज कोसळतं, त्याच रस्त्यावर माझ्या गाडीचं सगळ्यात चांगलं असतं. उलट पुणे-बंगळूर हायवेवर शंभरच्या वेगाने सलग गेलात तर ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? तिथे हायब्रिड आणि साधी पेट्रोल गाडी यांच्यातलं अंतर बरंच कमी होतं. ज्यांचं निम्म्याहून जास्त चालणं हायवेवर आहे, त्यांनी केवळ ॲव्हरेजसाठी हायब्रिडचे जादा पैसे मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

२. हिशेब कागदावर मांडा.

समजा हायब्रिड आणि तशीच साधी गाडी यांच्यात चार लाखांचा फरक आहे. पेट्रोल 105 रुपये धरा. शहरात साधी गाडी लिटरला 13 देते आणि हायब्रिड 22 देते असं धरा. साधीचा किलोमीटरमागे खर्च आठ रुपयांच्या थोडा वर जातो, हायब्रिडचा पावणेपाच रुपये. किलोमीटरला साधारण सव्वातीन रुपये वाचले. चार लाख भरून निघायला जवळपास एक लाख वीस हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे पाच वर्षांत वसूल होतात, हजार चालवणाऱ्याला दहा वर्षं थांबावं लागतं. आपले आकडे घालून हा हिशेब घरीच करा, दहा मिनिटांचं काम आहे.

कराकडून फार आशा ठेवू नका. आधी हायब्रिडवर जीएसटी आणि उपकर मिळून 43 टक्के कर होता आणि सिटीच्या आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवर 45. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब असलेल्या या दोन्ही गाड्यांवर सरसकट 40 टक्के आहे. विजेच्या गाडीवर मात्र फक्त 5. महाराष्ट्रात आरटीओचा करही हायब्रिडला पेट्रोल गाडीसारखाच द्यावा लागतो. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा ‘तिकडून आणू या का’ असं मला एकाने विचारलं होतं. गाडी इथे कायमची वापरायची तर इथला कर भरावाच लागतो.

३. ‘स्मार्ट हायब्रिड’ सियाझ या हिशेबात धरू नका.

मारुतीने 2015 मध्ये डिझेल सियाझ एसएचव्हीएस नावाने आणली आणि 2018 मध्ये पेट्रोल सियाझलाही तशीच व्यवस्था दिली. सेकंड हँडच्या जाहिरातींत ती सर्रास ‘हायब्रिड सेडान’ म्हणून येते. गाडी चांगली आहे, आतली जागा तर मोठ्या गाड्यांच्या तोंडात मारेल अशी आहे. पण तिची छोटी मोटार इंजिनला नुसता हातभार लावते, ती एकटी गाडी ओढू शकत नाही. सरकारनेही 1 एप्रिल 2017 पासून अशा गाड्यांचं अनुदान काढून घेतलं. सियाझ तिच्या जागेसाठी खुशाल घ्या, पण तिला हायब्रिडचा भाव देऊ नका.

४. डिकी उघडून बघा.

साध्या सिटीची डिकी 506 लिटरची आहे. हायब्रिडमध्ये बॅटरी मागे बसवल्यामुळे 306 उरते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या घराला दोनशे लिटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जाताना मखराचं सामान आणि चौघांच्या बॅगा, येताना नारळ, कोकमं, पोह्याच्या मिरगुंडांचे डबे. आपल्या घरातल्या दोन मोठ्या बॅगा सोबत घेऊनच शोरूममध्ये जा आणि त्या डिकीत ठेवून बघा. मी तसंच केलं. तिथल्या मुलांना नवल वाटलं, पण कुणी नाही म्हणालं नाही.

५. वापरलेल्या गाडीत किलोमीटरच्या आधी बॅटरीची वॉरंटी विचारा.

दाजींचं बोलणं मला आवडलं, कारण ते स्वच्छ होतं. मी त्यांना म्हटलं, “दाजी, तुमची गाडी आठवड्यातून कितीदा तरी मुंबईला जाते. हायवेवर हायब्रिड फारसं वाचवणार नाही.” ते म्हणाले, “मला ॲव्हरेजचं काय सांगू नकोस. मुंबईहून परत आलो की कंबर दुखायला नको आणि मागं पाय पसरून बसायला जागा पाहिजे. मोठी गाडी दाखव, नवीच पाहिजे असं काय नाही.” म्हणजे त्यांना आराम हवा होता, पेट्रोलची बचत झालीच तर वरकड. अशा माणसाने नव्या सिटीच्या पैशांत काही वर्षं जुनी टोयोटा कॅमरी बघणं अगदी योग्य आहे. नवी कॅमरी डिसेंबर 2024 मध्ये 48 लाखांना आली, कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा. इतके पैसे ओतणारी माणसं थोडीच, आणि म्हणून तिचा भाव पहिल्या काही वर्षांत चांगलाच उतरतो. वापरलेली घेणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो.

कॅमरी हायब्रिड 2013 पासून कर्नाटकात बिडदीला जोडली जाते, त्यामुळे जुन्या गाड्या बाजारात येत राहतात. इथेच तारीख महत्त्वाची ठरते. टोयोटाने आपल्याकडे हायब्रिड बॅटरीची वॉरंटी 1 ऑगस्ट 2021 पासून आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर केली, त्याआधी ती तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर होती. सिटी हायब्रिडच्या बॅटरीलाही आठ वर्षं, एक लाख साठ हजार किलोमीटरचीच वॉरंटी आहे. 2019 ची चकचकीत कॅमरी आणि 2022 ची थोडी ओरखडे असलेली कॅमरी शेजारी उभ्या असतील, तर मी डोळे मिटून दुसरी घेईन. बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्च लाखांच्या घरात जातो, ओरखडे काही हजारांत निघतात. दाजींसाठी आम्ही 2022 चीच घेतली, पहिल्या मालकाची, सगळ्या सर्व्हिसची नोंद असलेली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन बॅटरीची तपासणी करून घेता येते. विकणारा त्याला नाही म्हणत असेल तर सौदा तिथेच सोडा. पुण्यातल्या एका डीलरने आम्हाला “आमच्या मेकॅनिकने बघितलीय, काही गरज नाही” असं सांगितलं. आम्ही उठून आलो.

६. मागच्या सीटजवळची जाळी बघा.

हे फार कमी लोकांना माहीत असतं. कॅमरीसारख्या गाडीत बॅटरी थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच घेतली जाते आणि त्यासाठी मागच्या सीटपाशी एक जाळी असते. ती धुळीने, कुत्र्याच्या केसांनी किंवा तिच्यासमोर ठेवलेल्या पिशव्यांनी बंद झाली तर बॅटरी तापते आणि तापलेली बॅटरी लवकर थकते. अकोला, नागपूर, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल मी जास्त चौकशी करीन. जाळीची साफसफाई सर्व्हिसच्या बिलांवर दिसते का, तेही पाहा.

७. फार कमी चाललेली हायब्रिड आपोआप चांगली ठरत नाही.

‘डॉक्टरांची गाडी, फक्त वीस हजार चाललीय’ हे ऐकलं की साध्या गाडीत आपण खूश होतो. हायब्रिडची बॅटरी मात्र वापरात राहिलेली बरी असते. महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी असेल तर मोठ्या बॅटरीची तपासणी टाळूच नका. शिवाय मोठी बॅटरी भरलेली असली तरी साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरली असेल तर गाडी चालूच होत नाही, ती कधी बदलली ते विचारा. आणखी एक : हायब्रिडमध्ये ब्रेकचं बरंचसं काम मोटारच करते, त्यामुळे पॅड खूप टिकतात. पण त्याच कारणाने किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ब्रेकच्या डिस्कवर गंज धरू शकतो. मुंबई, रत्नागिरी, गोव्याची गाडी असेल तर चाकांच्या आत डोकावून पाहा.

८. पुराची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणमध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते दाजींनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ लपत नाही. सीटखालचे रूळ गंजलेले आहेत का, गालिचाखाली कुबट वास येतो का, तेही बघा. हायब्रिडमध्ये उच्च दाबाच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात, त्यांना स्वतः हात लावू नका, पण त्यांच्या आसपास चिखलाचा डाग दिसला तर मागे फिरा. विमा कंपनीकडे पूर्वी मोठा दावा झाला होता का, हेही विचारून घ्या.

९. टेस्ट ड्राइव्ह सकाळी, थंड इंजिनवर आणि घाटात.

शोरूमभोवतीच्या दोन चकरांत हायब्रिड कळत नाही. मी गर्दीच्या वेळी चांदणी चौकातून नेली आणि मग कात्रजचा घाट चढवला. चढावर पाय दाबून ठेवला की इंजिन मोठ्याने ओरडतं, पण वेग त्या आवाजाच्या प्रमाणात वाढत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाडीत काही बिघडलंय असं वाटतं. हे तिच्या रचनेचंच लक्षण आहे. ते तुम्हाला खटकतं का, हे पैसे भरायच्या आधी कळलं पाहिजे. उतारावर बॅटरी भरत जाते, तीही काट्यावर बघा. सिटीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने गाडी जास्त आवरते. खंबाटकीच्या उतारावर मला ही सोय फार मोलाची वाटते. सुरू करताना ‘रेडी’ चा दिवा लगेच लागला पाहिजे आणि पिवळा धोक्याचा दिवा एकही राहता कामा नये.

१०. कागद पुरे झाल्याशिवाय टोकन नाही.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. विमा त्याच दिवशी आपल्या नावावर करायला घ्या. आणि हायब्रिडसाठी एक जास्तीचा कागद : बॅटरीची वॉरंटी किती तारखेपर्यंत शिल्लक आहे आणि ती नव्या मालकाला लागू राहते की नाही, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून चेसिस नंबरसकट लेखी घ्या. तो कागद हातात येईपर्यंत विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.