आकाशातली आगगाडी



आगगाडी तुम्हांला माहीत आहे. तिला रूळ लागतात आणि ती धडधड आवाज करते. मी मात्र रूळ नसलेली आणि आवाज न करणारी आगगाडी पाहिली. ती आकाशातून गेली.

जानेवारी महिना होता. संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. आई भाकरी करत होती. मी अंगणात सरपण आणायला गेले. सहज वर पाहिले, तर मावळतीकडून चांदण्यांसारखे ठिपके येत होते. एकामागे एक, अगदी सरळ रांगेत. मी एकोणीसपर्यंत मोजले, मग चुकले. रांग डोक्यावरून उगवतीकडे गेली आणि तिथे एकाच जागी एकेक ठिपका विझला. जणू कोणी फुंकर मारून दिवे मालवत होते. मी जोरात ओरडले. आजी धावत आली. शेवटचे चार-पाच ठिपके तिनेही पाहिले.

गल्लीत माणसे जमली. कोणी म्हणाले, शत्रूची विमाने. कोणी म्हणाले, देवाची पालखी. आजीला स्कायलॅब आठवली. ती लहान असताना, १९७९ साली, स्कायलॅब नावाची अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा खाली पडणार म्हणून लोक फार घाबरले होते. ती ११ जुलै १९७९ रोजी पडली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. कोणाला इजा झाली नाही. पण आजीच्या मनात ती भीती राहिलीच.

त्या आठवड्यात आमच्या मोटारीला रात्रीचीच लाईट होती. गव्हाला पाणी द्यायला वडील दहा वाजता रानात निघाले. आजी दारात उभी राहिली. म्हणाली, "आज रानात जाऊ नगंस. वरून काय पडंल, काय सांगावं?" वडील गेले नाहीत. गव्हाची एक पाळी चुकली. मला फार वाईट वाटले. कारण आरडाओरडा मीच केला होता.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तो तास त्यालाच दिला. ते जे शिकवले ते मी इथे लिहिते.

ते काय होते?

ते कृत्रिम उपग्रह होते. माणसाने पहिला उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडला. तो सोव्हिएत संघाचा स्पुटनिक. आपल्या भारताचा पहिला उपग्रह आर्यभट. तो १९ एप्रिल १९७५ रोजी गेला. आता अमेरिकेची स्पेसएक्स कंपनी इंटरनेटसाठी स्टारलिंक नावाचे उपग्रह सोडते. २४ मे २०१९ रोजी एकाच रॉकेटातून असे ६० उपग्रह गेले. आता असे हजारो उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत.

एवढे कशाला लागतात? घरावरच्या टीव्हीच्या छत्रीचा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. तो एकाच जागी आहे असे वाटते, म्हणून छत्री हलवावी लागत नाही. हे उपग्रह फक्त ५५० किलोमीटरच्या आसपास असतात. जवळ असल्यामुळे निरोप लवकर पोचतो. पण ते थांबत नाहीत. सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर पळतात. आमच्या तालुक्याचे गाव पंधरा किलोमीटर आहे. एसटीला अर्धा तास लागतो, यांना दोन सेकंद! एक पळून गेला की त्याच्या मागे दुसरा लागतो. म्हणून हजारो.

रांग का दिसते?

शाळा सुटली की आपण सगळे एकाच फाटकातून बाहेर पडतो. थोडा वेळ रस्त्याने रांग दिसते. मग जो तो आपापल्या घराकडे वळतो. तसेच हे. एका रॉकेटातून सुटलेले उपग्रह पहिले काही दिवस जवळ जवळ असतात. नंतर ते उंच चढतात आणि पांगतात. मग आगगाडी दिसत नाही.

ते मधेच का विझले?

उपग्रहात दिवा नसतो. त्याच्यावर सूर्याचे ऊन पडते, म्हणून तो चमकतो. गावात अंधार पडला तरी डोंगराच्या टोकावर थोडा वेळ ऊन असते, हे आपण रोज पाहतो. उपग्रह तर डोंगराहून कितीतरी उंच. म्हणून तिथे ऊन जास्त वेळ असते.

गुरुजींनी वर्गाची दारे-खिडक्या लावली. टेबलावर पृथ्वीगोल ठेवला. एका बाजूने बॅटरीचा उजेड पाडला. मग दोरीला खडू बांधून गोलाभोवती फिरवला. खडू आधी पांढरा चमकला. गोलाच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला. खडू तिथेच होता, पण सावलीत होता. आमचे उपग्रहही विझले नव्हते. ते पृथ्वीच्या सावलीत शिरले होते. म्हणूनच ही आगगाडी संध्याकाळी दिवस मावळल्यावर किंवा पहाटे उजाडण्याआधी दिसते. मध्यरात्री सहसा दिसत नाही.

अंगावर पडतील का?

गुरुजी म्हणाले, आजीची भीती अगदीच खोटी नाही. २ एप्रिल २०२२ रोजी रात्री महाराष्ट्रात पुष्कळ लोकांना आकाशात जळते पट्टे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले. तो रॉकेटचा तुकडा होता. पण जे पडते ते जळत येते, त्याला शेपूट असते, त्याचे तुकडे होतात. आगगाडीचे ठिपके शांतपणे, सारख्या वेगाने जातात. ते पडत नसतात, फिरत असतात. सुमारे पाच वर्षांनी काम संपले की हे उपग्रह खाली आणतात. तेव्हा ते हवेत घासून जळून जातात.

एक तक्रार मात्र खरी आहे. दुर्बिणीने ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या शास्त्रज्ञांच्या फोटोवर या उपग्रहांच्या पांढऱ्या रेघा उमटतात.

ओळखावे कसे?

१) विमान : लाल-हिरवे दिवे दिसतात, काही दिवे लुकलुकतात. मागून आवाज येतो.
२) उल्का : एक-दोन सेकंदांत रेघ ओढून नाहीशी होते.
३) ग्रह : पळताना दिसत नाही.
४) उपग्रहांची आगगाडी : पुष्कळ ठिपके, एक रांग, लुकलुक नाही, आवाज नाही. काही मिनिटांत जाते.

पुढे काय झाले?

गुरुजींनी मोबाईलवर पाहून सांगितले, "आज संध्याकाळी ती परत दिसेल. सात वाजून पाच मिनिटांनी." मी घरी जाऊन आजीला हात धरून अंगणात आणले. वडील घड्याळ घेऊन उभे राहिले. सात वाजून सहा मिनिटांनी रांग आली. कालच्यापेक्षा लांब झाली होती आणि ठिपके थोडे दूर दूर होते. मी आजीला म्हणाले, "आता बघ, पुढे सावली आहे." आणि एकेक ठिपका विझला.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एसटीवानी येळ सांगून येतंय, त्याला काय भ्यायचं?" त्या रात्री दहा वाजता तिनेच वडिलांच्या हातात बॅटरी दिली.

मित्रांनो, आकाशात नवीन काही दिसले तर आधी नीट पाहा. किती वाजले, कुठून आले, कुठे गेले, ते वहीत लिहा. मग गुरुजींना विचारा. माझ्यासारखे आधी ओरडू नका.

सांगा पाहू : पहाटे दिसणारी आगगाडी आधी विझलेली असते आणि एकदम पेटते. असे का?

इयत्ता चौथी