सागाची विरळणी : छोट्या यंत्राचे काम कसे मोजाल?

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या भागांतील अनेक शेतकऱ्यांनी माळावर व बांधावर साग लावला आहे. लागवड दाट केली, पण वेळेवर विरळणी केली नाही, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी दिसते. शेंडे एकमेकांना भिडले की झाडे उंच जातात, मात्र बुंध्याची गोलाई वाढत नाही. सागाला किंमत मिळते ती गोलाईला. म्हणून विरळणी लांबविणे म्हणजे पुढील उत्पन्नावर पाणी सोडणे होय.

विरळणीसाठी पावसाळ्यानंतरचा कोरडा काळ सोयीचा असतो. नेमका त्याच वेळी उसाचा गळीत हंगाम सुरू असल्याने मजूर व ट्रॉली मिळत नाहीत. अशा वेळी साखळी करवत आणि पॉवर टिलरची ट्रॉली उपयोगी पडते. परंतु यंत्र घेण्यापूर्वी त्याच्याकडून किती काम होईल, हे पाहिले पाहिजे.

लहान माल, जास्त वेळ

व्यापारी गोलाईच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणतात. १२ इंच गोलाईचा व १२ फूट लांबीचा वासा पाऊण घनफूट भरतो. तेवढ्याच लांबीचा २४ इंच गोलाईचा ओंडका ३ घनफूट, म्हणजे चौपट भरतो. मात्र झाडापर्यंत जाणे, दिशा ठरविणे, फांद्या साळणे यांस लागणारा वेळ चौपट होत नाही. विरळणीत बारीक झाडे निघत असल्याने दर घनफुटाचा खर्च अखेरच्या तोडीपेक्षा जास्तच येतो. यात यंत्राचा दोष नाही.

खोळंबा कोठे होतो?

समजा, एक माणूस करवत चालवतो व दुसरा माल ओढतो. एक झाड पाडून, साळून, तुकडे करण्यास ८ मिनिटे आणि वाटेपर्यंत ओढण्यास १२ मिनिटे लागतात. दिवसात ६ तास प्रत्यक्ष काम झाले, तर तोड ४५ झाडांची होऊ शकते, पण बाहेर येतात ३० झाडे. येथे दुप्पट वेगाची करवत आणली तरी ३० चीच झाडे बाहेर येतील. त्याऐवजी ओढण्यास आणखी एक माणूस दिल्यास ४५ झाडे निघतील. ५०० झाडांचे काम १७ दिवसांऐवजी १२ दिवसांत उरकेल. आपल्या शेतात पहिल्याच दिवशी घड्याळ लावून ही मिनिटे वहीत नोंदवा.

वाट आधी आखा

२ × २ मीटर अंतरावर एकरी सुमारे १००० झाडे बसतात. पहिल्या विरळणीत निम्मी काढावयाची झाल्यास पुढीलप्रमाणे आखणी करावी.

१. दर पाचवी ओळ संपूर्ण काढावी. यात सुमारे २०० झाडे जातात आणि ट्रॉलीसाठी ४ मीटर रुंद वाट मिळते.

२. उरलेल्या ८०० झाडांतून वाकडी, रोगट, दबलेली ३०० झाडे निवडून खूण करावी. निवड मालकाने स्वतः करावी, करवत चालविणाऱ्यावर सोडू नये.

३. असे केल्यास कोणतेही झाड वाटेपासून दोन ओळींपेक्षा दूर राहत नाही आणि ओढण्याचा वेळ वाचतो.

खुंट जमिनीलगत कापावेत. ओल्या जमिनीत ट्रॉली घालू नये, कारण माती दबून मुळांना इजा होते. राखलेल्या झाडांची साल खरचटू देऊ नये. जखमेतून कीड व कूज शिरते आणि विरळणीचा फायदा वाया जातो. स्वीडनमध्ये दाट झाडीतून ओंडके काढण्यासाठी ‘लोखंडी घोडा’ नावाचे, माणसाने चालत हाकावयाचे अरुंद यंत्र वापरतात. त्याचाही हेतू उभ्या झाडांना धक्का न लावणे हाच आहे.

जिवाची काळजी

दाट झाडीत तोडलेले झाड शेजारच्या झाडात अडकते. अशा झाडाखाली जाऊ नये, त्यावर चढू नये आणि आधाराचे झाड तोडू नये. बुंध्याला दोर बांधून लांबून मागे ओढावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस नसावा. करवतीच्या पात्याच्या टोकाच्या वरच्या भागाने कापू नये, कारण करवत उसळून अंगावर येते. हेल्मेट, चष्मा व मजबूत बूट वापरावेत. उतारावर भरलेली ट्रॉली आडवी चालवू नये.

विकत की भाड्याने?

इंधन, तेल, साखळी, दुरुस्ती, घसारा, व्याज व मजुरी यांची बेरीज करून तिला निघालेल्या घनफुटांनी भागावे. वर्षातून दहा-बारा दिवसच काम असेल, तर घसारा व व्याज यांचा बोजा थोड्या मालावर पडतो. अशा वेळी चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून करवत घ्यावी किंवा भाड्याने आणावी.

शेतकरी बंधूंनो, साग स्वतःच्या शेतातील असला तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाखाली तोडीस परवानगी लागते. खुणा केल्यावर प्रथम वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा आणि परवानगी हाती आल्यावरच करवत सुरू करा.