चोप आणि टाळ

चि. बाळू यास,


यंदापासून दिंडीची व्यवस्था तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. आनंद झाला. मोठी माणसं आपलं ऐकतील का, अशी धाकधूक तू फोनवर बोलून दाखवलीस. रास्त आहे. पण तू आजवर कुणाकुणाचं ऐकलंस, याचा हिशेब आधी मांड. धाकधूक निम्मी तरी उतरेल.

आपल्या दिंडीची मांडणीच बघ ना. पुढं पताकावाले, मग टाळकरी, मध्ये पखवाजी, त्यांच्या मागं विणेकरी आणि शेवटी तुळशी-हंडे घेतलेल्या बाया. ज्याच्या हाती विण्याचा मान, तो टाळकऱ्यांच्या मागून चालतो. दिवे घाटात कुणाचा पाय ओढतोय, कुणाला पाणी हवंय, हे त्यालाच आधी दिसतं. (पुढं जाऊन मोबाइलवर चित्रं काढत बसणाऱ्या व्यवस्थापकाला ते कधीच दिसत नाही. गेल्या वर्षी एकाला बघितलंय, नाव सांगत नाही.)

तुकोबांचंच बघ. पुढं गाणाऱ्यांच्या मागं उभं राहून आपण भावानं धृपद धरत होतो, असं त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. धृपद धरणं दिसतं तेवढं सोपं नाही. आपला गळा कितीही चांगला असो, तो पुढच्याच्या चालीत मिसळावा लागतो. तो कुठं श्वास घेणार, कुठं ओढणार, हे कान देऊन ओळखावं लागतं. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतली मुलंही कीर्तनाला उभी राहण्याआधी टाळ घेऊन दुसऱ्याच्या मागं उभी राहतात.

आता हे वाचून मान खाली घालून गप्प चालायला लागशील, तर तेही नको. मागं चालणं म्हणजे मुकाट सोसणं, असं काही लोक सोयीनं समजतात. मुक्कामावरची समाजआरती आठव. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळांच्या गजरात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावून ‘हो’ म्हणून आरोळी देतात आणि सगळं जागच्या जागी थांबतं. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. तिच्यावर कुणी डाफरत नाही. चोपदार स्वतः तिच्याकडे चालत जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि आरती. एवढा मोठा सोहळा एका आरोळीवर थांबतो, कारण न थांबणाऱ्याकडे कुणीतरी जाणार, याची सगळ्यांना खात्री असते. चोपाचा दरारा त्या जाण्यातून आलाय, असं माझं मत आहे.

तुझ्याकडेही असे टाळ वाजतील. तंबू ओला मिळाला म्हणून, पंगतीत भाकरी कमी पडली म्हणून. बोलावणं पाठवू नकोस, तू उठून जा. आणि रांगेत असशील तेव्हा विणेकरीबुवांनी उचललेली चालच म्हण, तुला दुसरी येत असली तरी.

वयस्कर मंडळींच्या पाया पडायला लाजू नकोस. आपल्यात लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्यात तुझं काही कमी होणार नाही. टँकरवाल्याशी भाडं ठरवण्याआधी मात्र शंकरनानांना विचार. लोणंद-फलटणच्या बाजूचे पाणवठे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाहीत. टँकरचं काय ठरलं तेवढं आठवड्याभरात कळव, म्हणजे माझी वर्गणी त्यात धरता येईल.

तुझा,
मामा