ओलाव्याची ताजी नोंद कशी वाचावी?

शेतातील ओलावामापकाची नोंद मायक्रोकंट्रोलर सीरियल तारेने संगणकाकडे पाठवितो. जोडणी चालू असूनही संगणकातील प्रोग्रॅम नोंदी वाचीत नसेल, तर त्या बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात क्रमाने साचतात. मिनिटास एक नोंद येत असता तासभर वाचन थांबल्यास ६० नोंदी साचतात व पुढे वाचताना प्रथम सर्वांत जुनी हाती येते. त्यामुळे नुकतीच भिजलेली जमीनही कोरडी दिसते व पंप व्यर्थ चालतो.

म्हणून वाचनापूर्वी बफर रिकामा करावा. त्यानंतरची पहिली ओळ अर्धवट असण्याचा संभव असतो. ती सोडून पुढील पूर्ण ओळच ग्राह्य धरावी. संगणकाने मागितल्यावरच नोंद पाठविण्याची व्यवस्था केल्यास जुन्या नोंदी साचतच नाहीत. पंप सुरू करण्यापूर्वी मूठभर माती दाबून पाहून नोंदीची खात्री करून घ्यावी.