विजेचा मासा घरी आणण्यापूर्वी



शोभेच्या माशांच्या व्यापारात बोटभर लांबीचा, गुबगुबीत, करड्या रंगाचा एक मासा विकला जातो. त्याला खवले नसतात आणि तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या असतात. हा इलेक्ट्रिक कॅटफिश, म्हणजेच विजेचा मासा. आपल्या मागुराचा दूरचा भाऊबंद. तो पाळावा का, हे ठरवण्याआधी त्याची नीट ओळख करून घेऊ या.

नाईल नदी आणि उष्ण आफ्रिकेतील संथ, गढूळ पाणी हे त्याचे मूळ घर. इजिप्तमधील सक्कारा येथे ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याची सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची कबर आहे. तिच्या भिंतीवरील कोरीव चित्रांतही हा मासा दिसतो.

वीज येते कोठून?
त्याच्या कातडीखाली सर्वांगाभोवती वीज निर्माण करणाऱ्या पेशींचे आवरण असते. मुळात या पेशी स्नायूंपासूनच बनलेल्या आहेत. एका पेशीचा विद्युतदाब जेमतेम दशांश व्होल्ट असतो. पण टॉर्चमधील सेलांप्रमाणे हजारो पेशी एकसर जोडणीत एकदम काम करतात, तेव्हा मोठा मासा सुमारे ३५० व्होल्टपर्यंत झटका देतो. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते! माशाचा प्रत्येक झटका मात्र सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागापुरताच टिकतो. भक्ष्य सुन्न करण्यासाठी आणि शत्रूला दूर ठेवण्यासाठी तो वीज वापरतो.

पाळायचे तर काय लागते?
टाकीत तो एकटाच हवा, कारण सोबतचे मासे तो खातो किंवा झटक्याने मारतो. पाणी २३ ते ३० अंश सेल्सिअस, तळाला मऊ वाळू आणि दिवसा लपायला जागा लागते. टाकीत उघडा हात कधीच घालायचा नाही. खाद्य लांब चिमट्याने द्यायचे. निसर्गात हा मासा मीटरभर, क्वचित त्याहून जास्त वाढतो. म्हणजे आज घेतलेल्या बोटभर माशासाठी उद्या मोठी टाकी लागणार.

म्हणून आम्ही पालकांना आणि विश्वस्तांना स्पष्टच सुचवतो, की मुलांच्या घरी किंवा शाळेत हा मासा नको. त्यापेक्षा आपल्याच ओढ्यांतील झेब्रा डॅनिओ ठेवावेत. त्यांचा थवा पाहताना मुले पुष्कळ शिकतील.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पाळलेला मासा नको झाला, तरी तो नदी-तलावात सोडू नये. शोभेसाठी बाहेरून आणलेला ‘सकर’ मासा आज आपल्या अनेक जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो, तो अशाच निष्काळजीपणामुळे. कुतूहल जरूर असावे. पण घरी आणलेल्या जिवाची जबाबदारी शेवटपर्यंत आपलीच असते.

विचार करा : टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असेल, तर ३५० व्होल्टसाठी किती सेल एकसर जोडावे लागतील? (उत्तर फक्त वहीत काढावे; प्रयोग करू नये.)