शेवटचे ताट

उपासमार म्हटली की दुष्काळात गाव सोडून निघालेली माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्या घरात चूल रोज पेटते तेथेही उपासमार असू शकते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या दुसऱ्या उपासमारीविषयी विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी आम्ही येथे थोडे बोलणार आहोत.

आपल्या पुष्कळ घरांत जेवणाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम पुरुषमंडळी, मग मुले, आणि सर्वांचे आटोपल्यावर गृहिणी. गोव्यात मासळीचे तुकडे पहिल्या पंगतीत संपतात. मागाहून बसणारीच्या भातावर हुमण तेवढे पडते. याला अन्याय कोणी म्हणत नाही, रीत म्हणतात. स्त्रियांचे उपासतापास आणखी निराळेच!

आता शरीराचा हिशेब पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 सालच्या शिफारशीप्रमाणे 13 ते 15 वर्षांच्या मुलास रोज 22 मिलिग्रॅम लोह लागते, तर त्याच वयाच्या मुलीस 30. प्रौढ पुरुषास 19, स्त्रीस 29. मासिक पाळीत रक्त जाते, म्हणून हा फरक. म्हणजे जिची गरज दीडपट, तिचेच ताट शेवटी! 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी 57 रक्तक्षयी आढळल्या, पुरुष 25. जंत, हिवताप अशी इतर कारणेही असतात. तथापि लोहाची उणीव हे मोठे कारण होय.

लोहावाचून हिमोग्लोबिन घटते आणि शरीराला प्राणवायू पुरेसा पोचत नाही. मुलगी जिना चढताना धापा टाकते, वर्गात तिचे चित्त लागत नाही, आणि प्रगतिपुस्तकावर ‘आळशी’ असा शेरा पडतो. आमच्या मते तो शेरा लिहिण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे.

हीच मुलगी पुढे माता होते. जन्मतः आईकडून मिळालेल्या लोहाच्या साठ्यावर अर्भकाचे पहिले सुमारे सहा महिने निभतात, कारण दुधात लोह फारच थोडे. मेंदूची वाढ झपाट्याने होते ती याच काळात. माताच रक्तक्षयी असली तर हा साठा अपुरा पडण्याचा धोका असतो. ज्या मुलग्याला आपण कौतुकाने आधी वाढतो, त्याचा वाटा अशा रीतीने त्याच्या जन्मापूर्वीच कमी झालेला असतो.

शिक्षणाचा परिणामही त्याच पाहणीत दिसतो. शाळेत न गेलेल्या मातांच्या मुलांत खुरटलेली मुले शेकडा 46. बारा वा अधिक वर्षे शिकलेल्या मातांच्या मुलांत 26. यात गरिबीचाही भाग आहे, हे खरे. तरीही धाकट्या भावंडाला सांभाळायला शाळेतून काढलेल्या मुलीची किंमत पुढची पिढीही मोजते, असे आम्हांस वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्या पंगतीत मुलगा आधी, मुलगी मागून असा भेद नसतो, डाव एकच.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी मुलींनी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. चहामुळे लोह अंगी कमी लागते. लिंबू वा आवळा खाल्ल्यास ते अधिक लागते. शौचास काळे होते म्हणून पुष्कळ मुली गोळी टाकून देतात. त्यात भिण्यासारखे काही नाही.