लिंबाचं चित्र आणि नऊ टक्के

पेपर संपला की फॉर्म्युले आपण विसरतो. पण एक साधा गुणाकार गेल्या दिवाळीत मला उंब्रजला, आमच्याच घरात उपयोगी पडला.

जपानला नोकरी करणारा माझा मावसभाऊ सुट्टीवर आला होता. त्याने फ्रिजमध्ये ३५० मि.ली.चा एक कॅन ठेवला होता. वर लिंबाचं चित्र, जपानी अक्षरं आणि '९%'. धाकट्या चुलतभावाने तो दोन मिनिटांत संपवला. "दादा, सोडाच आहे रे. नऊ टक्के लिंबाचा रस असेल," म्हणाला आणि कराडला जायला गाडीची किल्ली उचलली.

तो सोडा नव्हता, 'चूहाय' होतं. शोचू या जपानी दारूतला 'चू' आणि हायबॉलमधला 'हाय'. दारू, सोडा आणि फळाचा स्वाद, एवढंच. १९८४ पासून ते तिकडे कॅनमध्ये मिळतं. हल्ली बऱ्याच कॅनमध्ये शोचूऐवजी व्होडका असते.

गंमत म्हणजे चूहायची शोचू बऱ्याचदा मळीपासूनच बनते. तीच मळी, जी आपल्याकडे ऊस गाळून साखर काढल्यावर उरते! यीस्ट मळीतल्या साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. मग उंच कॉलममध्ये सतत डिस्टिलेशन होतं आणि वास, चव जवळजवळ निघून जाते. उरतं ते बिनचवीचं स्पिरिट. त्यात लिंबू घातलं की लिंबूच लागणार! थंडपणा, आंबटपणा आणि बुडबुड्यांची चुरचुर उरलासुरला तिखटपणाही झाकतात.

आता हिशोब बघा. ३५० × ०.०९ = ३१.५ मि.ली. अल्कोहोल. त्याची घनता ०.७८९, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ३० मि.ली. पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे पठ्ठ्याने दोन मिनिटांत अडीच पेग मारले होते!

पुढची पायरी विडमार्कच्या सूत्राची. ग्रॅम भागिले वजन गुणिले ०.६८ (हा पुरुषांसाठीचा सरासरी आकडा). भावाचं वजन ६५ किलो. २५ ÷ (६५ × ०.६८) = ०.५७, म्हणजे १०० मि.ली. रक्तात ५७ मि.ग्रॅ.च्या आसपास. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मि.ग्रॅ. हा अंदाजच, पण मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट! आणि समोर पुणे-बंगळूर हायवे, त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे दिवा असेलच याची खात्री नाही.

फटाक्यांच्या बॉक्सवर मी हे सगळं मांडून दाखवलं. आधी हसला. "मला तर काहीच होत नाही," म्हणाला. अर्ध्या तासाने ओट्यावर बसल्या बसल्या डुलायला लागला, तेव्हा किल्ली स्वतःच खिळ्याला अडकवली.

जपानमध्येही ही काळजी आहेच. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, पेल्यांऐवजी अल्कोहोलचे ग्रॅम मोजा, असं सांगितलं.

तेव्हा दोस्तांनो, कॅनवरचं चित्र बघू नका. मि.ली. गुणिले टक्के गुणिले ०.७८९. एवढं तर आपल्याला मोबाईलशिवायही जमायला हवं, नाही का?